रविवारी दहापर्यंत

लिफ्ट बंद पडणं ही काही गोष्ट सांगण्याजोगी घटना नव्हे. लिफ्ट म्हटलं की ती बंद पडायचीच. पण ही लिफ्ट चौथ्या मजल्याच्या नऊ इंच वर जाऊन बंद पडली, आणि सगळी भानगड त्या नऊ इंचांनी केली. मुकाट्याने मजल्याला टेकून बंद पडली असती तर ड्राफ्टसाहेबांची पुढची शोभा टळली असती.

ड्राफ्टसाहेब हे त्यांचं खरं नाव नाही, हे उघड आहे. एका कचेरीत चौतीस वर्षं ते हेडक्लार्क होते, आणि त्या चौतीस वर्षांत त्यांच्या लाल पेनाखालून गेल्याशिवाय एकही इंग्रजी पत्र दाराबाहेर पडलं नाही. कुणी रजेचा अर्ज घेऊन आलं तरी ते आधी म्हणायचे, "ड्राफ्ट दाखवा." माणूस आजारी आहे का, हे नंतर. निवृत्त झाल्यावर लाल पेन मोकळं कसं ठेवायचं, म्हणून ते इमारतीचे सेक्रेटरी झाले. इमारत अवघी चार मजल्यांची, पण तिलाही त्यांनी आवक-जावक वही लावली, आणि वही, फायली ज्या कापडी पिशवीत ठेवल्या तिला ते कार्यालय म्हणू लागले.

मागच्याच महिन्यात कुणीतरी जिन्यातून ओरडून सांगितलं म्हणून पहाऱ्यावरच्या हवालदारांनी पंप लावला आणि टाकी भरून वाहिली. हवालदार फौजेतून निवृत्त झालेले, मिशा पांढऱ्या, पाठ ताठ. साहेबांनी त्यांना मेमो दिला: यापुढे तोंडी आदेश पाळू नये. प्रत्येक आदेश लेखी असावा आणि त्यावर सही, तारीख व जावक क्रमांक असावा. आदेश फळ्यावर लावावा. हवालदारांनी मेमो वाचला, चार घड्या घालून वरच्या खिशात ठेवला आणि "येस सर" म्हणाले. तो मेमो त्या खिशात अजून आहे, एवढं आपण ध्यानात ठेवू.

आता बाई. साहेबांच्या बायकोला सगळी इमारत बाई म्हणे, कारण एकतीस वर्षं त्यांनी शाळेत चौथीला मराठी शिकवलं होतं. घरात साहेबसुद्धा कधीकधी चुकून बाई म्हणायचे. बाईंचे दोन्ही गुडघे कामातून गेलेले. लिफ्ट आहे तोवर सगळं जग त्यांचं, लिफ्ट बंद की जग चौथ्या मजल्यावर संपलं. आणि नेमकं पुढच्या पंधरवड्यातल्या रविवारी, सकाळी अकराला, त्यांच्या जुन्या शाळेत नव्या वाचनालयाचं उद्घाटन होतं. ते बाईंच्या हातून व्हायचं होतं. जुने विद्यार्थी, जे आता स्वतःच चाळिशी-पन्नाशीला टेकले होते, त्यांना न्यायला गाडी घेऊन येणार होते.

"खुर्चीत बसवून खाली नेऊ की," साहेब म्हणाले. "चार जण उचलतील."

"चार जणांनी उचलायला अजून वेळ आहे," बाई म्हणाल्या. "मी माझ्या पायांनी लिफ्टमध्ये शिरेन, माझ्या पायांनी गाडीत बसेन. मला तिथे जायचंय हो. एकतीस वर्षं त्या शाळेत मोडक्या कपाटातून पुस्तकं वाटली मी. आता तिथे खोली झालीय, ती मला बघायचीय."

एवढं स्पष्ट त्या सहसा बोलत नसत. साहेबांनी छातीवर हात ठेवला. "तू निश्चिंत राहा. एक पत्र टाकतो, लिफ्ट चालू."

लिफ्टच्या कंपनीत फोन केला तर पलीकडून एक मुलगी गोड आवाजात म्हणाली, "तक्रार लेखी द्या सर, आणि इंग्रजीत द्या. आमचं हेड ऑफिस बाहेर आहे, तिकडे दुसरं काही चालत नाही." दुसरा कुणी असता तर वैतागला असता. साहेबांच्या चेहऱ्यावर मात्र तेज आलं. बऱ्याच दिवसांनी कुणीतरी त्यांच्याकडे इंग्रजी मागितलं होतं.

कंपनीचा छापील फॉर्म आला. त्यात पहिलीच ओळ होती: 'द लिफ्ट इज स्टक', मग एक रिकामी जागा, मग 'फ्लोअर नंबर'. रिकामी जागा एवढीशी. तिच्यात मावून मावून एक शब्द मावणार.

"यात काय आहे?" साहेब म्हणाले. "मजल्यावर. ऑन." आणि पेन टेकवणार तोच तळमजल्यावरच्या वकिलांनी त्यांचा हात धरला. वकिलांचा लिफ्टशी जन्मात संबंध आला नव्हता, त्यामुळे या बाबतीत त्यांचं मत अगदी निःपक्षपाती होतं.

"ऑनला स्पर्श लागतो, साहेब. पुस्तक टेबलाला टेकलंय, म्हणून ऑन द टेबल. तुमची लिफ्ट मजल्याला टेकलीय का? नाही. उद्या कंपनी म्हणेल, खोटं निवेदन केलंत."

"मग ॲट घाला," तिसऱ्या मजल्यावरचे प्रोफेसर म्हणाले. प्रोफेसर भूगोलाचे, पण भूगोल इंग्रजीतून शिकवल्यामुळे इंग्रजीवर आपला हक्क पोचतो अशी त्यांची समजूत होती. "ॲट म्हणजे ठिकाण. नकाशावर बोट ठेवलं की ॲट."

"ठिकाणावर असती तर तक्रार कशाला केली असती?" वकील म्हणाले. "ती ठिकाण सोडून पुढे गेलीय."

"तर मग बिटवीन."

"बिटवीनला दोन टोकं लागतात. एक चौथा मजला. दुसरा कुठला?"

"वर गच्ची आहे."

"कायद्यात गच्ची म्हणजे मजला नव्हे."

"अमंग?" प्रोफेसरांच्या तोंडून निसटलं, आणि त्यांचं त्यांनाच वाईट वाटलं.

ही सभा चौथ्या मजल्यावर लिफ्टच्या जाळीच्या दारापुढे भरली होती. शेवटी प्रत्यक्ष मोजमाप घ्यायचं ठरलं. हवालदारांना टेप घेऊन वर बोलावलं. नऊ इंच भरलं. टेप धरता धरता हवालदार म्हणाले, "साहेब, फौजेत आम्ही स्टोअरला होतो तेव्हा असल्या रिपोर्टमध्ये—"

"हवालदार, तुम्ही टेप सरळ धरा."

"येस सर."

उघड्या दारातून बाईंचा आवाज आला, "अहो, लिफ्ट चौथ्या मजल्याशी अडकलीय, एवढं लिहिलं की नाही का चालत?"

"अगं, 'शी'ला इंग्रजीत काय म्हणायचं? सगळीच भाषा तुझ्या मराठीसारखी ऐसपैस नसते."

अबव्ह की ओव्हर यात आणखी एक अख्खा दिवस गेला. ओव्हर म्हटलं की अधांतरी तरंगल्यासारखं वाटतं, असं प्रोफेसरांचं म्हणणं पडलं आणि अबव्ह मंजूर झालं. फॉर्म रवाना झाला. जावक क्रमांक एक्केचाळीस.

चौथ्या दिवशी कंपनीचा एक माणूस आला, तडक गच्चीवर गेला, तिथे अर्धा तास हिंडला, टाकीमागे डोकावला आणि खाली येऊन हवालदारांची सही घेऊन गेला. कुणाशी एक शब्द नाही. दुसऱ्या दिवशी लेखी उत्तर आलं. चौथ्या मजल्याच्या अबव्ह पाहणी केली असता तिथे कोणतीही लिफ्ट आढळली नाही. सबब तक्रार निकाली काढण्यात येत आहे.

साहेबांनी ते पत्र तीनदा वाचलं. त्यात चूक सापडली असती तर जरा बरं वाटलं असतं, पण पत्र शुद्ध होतं.

"आता किती दिवस राहिले?" बाईंनी विचारलं.

"नऊ." साहेब म्हणाले. "अगं, फॉर्म हा प्रकारच तकलादू. मी आता स्वतंत्र पत्र लिहितो. माझ्या पद्धतीने."

पत्र खरोखरच देखणं झालं. मायना, विषय, संदर्भ, तीन परिच्छेद. गुरुवारपर्यंत लिफ्ट दुरुस्त झालीच पाहिजे, मग शुक्रवार-शनिवार हाताशी राहतात, असा हिशोब करून त्यांनी शेवटचं वाक्य टाकलं: 'काइंडली रिपेअर द लिफ्ट अन्टिल थर्सडे.' गुरुवारपर्यंत. अन्टिल थर्सडे. प्रोफेसरांनी वाचून मान डोलावली. वकिलांना आक्षेप घ्यायला जागा सापडली नाही, म्हणून त्यांनी स्वल्पविराम हलवला. लिफाफा हवालदारांच्या हाती दिला तेव्हा त्यांनी वरची कार्बन प्रत नजरेखालून घातली आणि ते थबकले. "साहेब, हे अन्टिल जे आहे ना—"

"पोस्टाची वेळ टळतेय, हवालदार."

"येस सर."

आणि काय सांगावं, मंगळवारी सकाळी नऊला मेकॅनिक दारात हजर! चाळिशीचा, शांत माणूस, कानामागे पेन्सिल. त्याने मोटर उघडली, दोर सैल केले, लिफ्ट नऊ इंच खाली आणून मजल्याला टेकवली. साहेबांनी येता-जाता सगळ्यांना ऐकवलं, "पत्राला वजन लागतं." बुधवारी दाराची कडी सुटी झाली. गुरुवारी दुपारी गिअरची पेटी उघडली, तिच्यातली दातेरी चाकं पुसून एका कापडावर ओळीने मांडली. साडेपाच वाजले. मेकॅनिकने घड्याळ पाहिलं, हात पुसले आणि हत्यारांची पिशवी खांद्याला लावली.

"निघालात? उद्या किती वाजता येताय?" साहेबांनी विचारलं.

"उद्या? उद्या नाही यायचं साहेब. मुदत संपली." त्याने खिशातून कामाचा कागद काढला. हेड ऑफिसने साहेबांचं वाक्य जसंच्या तसं उतरवलं होतं. गुरुवार अन्टिल दुरुस्ती करत राहावी. "तीन दिवस सांगितले, तीन दिवस केलं. इथे सही करता का?"

साहेबांनी कपाळाला हात लावला. मग फोन लावला. पलीकडची मुलगी तितक्याच गोडपणे म्हणाली, "सर, तुम्हीच अन्टिल म्हणालात ना? आमच्या माणसाने अन्टिल काम केलंय."

"अहो, म्हणजे गुरुवारपर्यंत पूर्ण करा!"

"पूर्ण करा असं पत्रात कुठे आहे सर?"

चौतीस वर्षांत त्यांच्या ड्राफ्टला असं कुणी म्हटलं नव्हतं. फोन ठेवून ते इंग्रजी-मराठी कोशाकडे गेले. अन्टिल: पर्यंत. बघा! बरोबरच होतं! मग कसलीशी शंका येऊन त्यांनी मागची पानं उलटली. बाय: ने, कडून, जवळून, आणि शेवटी, अगदी अंग चोरून बसल्यासारखं, 'पर्यंत'. हेही पर्यंत, तेही पर्यंत! साहेब खुर्चीत बसले ते बसलेच.

दारात हवालदार येऊन उभे राहिले. त्यांनी सगळं ऐकलं होतं. जिन्यात ऐकू न येण्याइतक्या हळू आवाजात फोन झालाच नव्हता. "साहेब, लहान तोंडी बोलतो. अन्टिल म्हणजे तोवर करत राहा. बाय म्हणजे तोवर करून टाका. फौजेत बाय टेन म्हटलं की दहाच्या आधी काम झालेलं पाहिजे. अन्टिल टेन म्हटलं की दहा वाजेतो हलायचं नाही."

साहेबांनी यातलं अर्धंच ऐकलं. दुखावलेला माणूस अर्धंच ऐकतो. त्यांनी मनाशी एवढाच निकाल दिला की अन्टिल हा दगाबाज शब्द आहे आणि इथून पुढे आपण तो वापरायचा नाही. पर्यंत म्हणजे बाय. विषय संपला.

शुक्रवार उजाडला. लिफ्टची चाकं कापडावर तशीच ओळीने पडलेली. बाईंनी उद्घाटनाचं भाषण कार्डावर लिहून पूर्ण केलं होतं. ते कार्ड त्या पुन्हा पुन्हा काढायच्या आणि न वाचताच ठेवायच्या. साहेबांना ते दिसत होतं. ते नव्या पत्राला बसले. प्रोफेसर मदतीला होते.

"रविवारच्या आत, असं म्हणा ना," बाई आतून म्हणाल्या. "पर्यंत कशाला? पर्यंतचे दोन अर्थ होतात. 'आत'चा एकच होतो."

"इनसाइड संडे," प्रोफेसर उत्साहाने म्हणाले.

साहेबांनी ते लिहिलं. लिहून त्याकडे पाहिलं. आणि पहिल्यांदाच स्वतःच्या अक्षरातल्या शब्दाचा त्यांना भरवसा वाटेना. ते विचार करत बसले असताना बाई भिंतीला धरत धरत बाहेर आल्या, कामाच्या कागदावरून मेकॅनिकचा नंबर शोधला आणि फोन उचलला.

"नमस्कार. मी चौथ्या मजल्यावरची. रविवारच्या आत मला लिफ्ट चालू झालेली पाहिजे. रविवारी मला शाळेत जायचंय."

पलीकडून काहीतरी उत्तर आलं. बाईंनी "बरं" म्हणून फोन ठेवला. "उद्या सकाळी येतोय. म्हणाला, तोंडी सांगितलंत ते बरं झालं, कागद आला असता तर हेड ऑफिसला पाठवावा लागला असता."

प्रोफेसर चपला शोधू लागले. साहेबांनी इनसाइड संडेची चार तुकड्यांत वाट लावली.

शनिवारी चार वाजता लिफ्ट चालू झाली. मेकॅनिकने वर जाऊन खाली येऊन दाखवलं. जाळीला गंज चढला होता, तिला जाता जाता हिरवा रंगही मारून दिला. निघताना म्हणाला, "रंग ओला आहे. उद्या सकाळी दहापर्यंत लिफ्ट बंद ठेवा, मग खुशाल चालवा."

इथे ड्राफ्टसाहेबांनी गप्प बसायला हवं होतं. कुणीही शहाणा माणूस गप्प बसला असता. पण बायकोने मराठीत एका फोनवर जे केलं ते आपल्याला दोन पत्रांत आणि एका फॉर्ममध्ये जमलं नाही, हे शल्य मोठं होतं. इमारतीला दिसेल असं काहीतरी स्वच्छ, ठसठशीत इंग्रजी लिहायची त्यांना गरज होती. त्यांनी पाटीएवढा कागद घेतला. दहापर्यंत बंद. पर्यंत म्हणजे काय? अन्टिल? छे, त्याचं तोंडही बघायचं नाही. 'लिफ्ट विल बी क्लोज्ड बाय संडे, टेन ए. एम.' खाली सही, तारीख, जावक क्रमांक सेहेचाळीस. कागद तळमजल्यावर फळ्याला लागला. हवालदारांनी तो एकदा वाचला, पुन्हा वाचला, आणि साहेबांकडे पाहिलं.

"साहेब, हे नक्की असंच करायचंय?"

"जे लिहिलंय तेच करायचं," साहेब म्हणाले. "शब्दशः."

"येस सर," हवालदार म्हणाले, आणि त्यांनी वरच्या खिशावरून हात फिरवला.

रविवारी पावणेदहाला बाई तयार होत्या. त्यांनी ठेवणीतली निळी साडी नेसली होती. हातात पर्स, पर्समध्ये कार्ड. गुडघ्यांसाठी साहेबांनी घडीचं स्टूल घेतलं. लिफ्ट चौथ्या मजल्यावर उभी होती. ऑन, यात आता कुणालाही शंका घेता आली नसती. जाळीचा रंग वाळून खडखडीत झालेला.

"चला ना," बाई म्हणाल्या.

"दहापर्यंत बंद आहे. नियम आपणच मोडायचा?" असं म्हणून साहेब घड्याळ हातात धरून जाळीपुढे उभे राहिले. दहाला तीन मिनिटं. दोन. एक. खालच्या मजल्यांवर काल संध्याकाळपासून लोक लिफ्टने खुशाल ये-जा करत होते, कारण पाटीचा त्यांनी जो अर्थ घ्यायचा तो घेतला होता, हे साहेबांना ठाऊक नव्हतं. बरोबर दहाच्या ठोक्याला त्यांनी दार सरकवलं, बाईंना आत स्टुलावर बसवलं आणि बटण दाबलं. लिफ्ट सावकाश निघाली. चौथा गेला. तिसरा गेला.

हवालदारांचं घड्याळ साहेबांच्या घड्याळापेक्षा अर्धा मिनिट मागे होतं. त्यांच्या घड्याळात दहा वाजले तेव्हा त्यांनी तळमजल्यावरचा मेन स्विच खाली ओढला, मीटरच्या खोलीला कुलूप घातलं आणि किल्ली खिशात टाकली. लिफ्ट तिसऱ्या आणि दुसऱ्या मजल्याच्या मधोमध थांबली.

"ही बिटवीन," स्टुलावरून बाई म्हणाल्या.

साहेब जाळीतून ओरडले, "हवालदार! स्विच लावा! आत आम्ही आहोत!"

खालून ताठ आवाज आला, "सर, लेखी आदेश आहे. क्लोज्ड बाय टेन. दहा वाजले, बंद केली."

"अहो, दहापर्यंत बंद, दहानंतर चालू!"

"तसं असतं तर अन्टिल असतं सर."

"बरं बाबा, अन्टिल! आता लावा स्विच!"

"तोंडी आदेश पाळू नये, असा मेमो आहे सर." खाली घडीचा कागद उलगडल्याचा आवाज झाला. "बाई, तुम्हाला त्रास होतोय, मला माफ करा."

"तुमचं काही चुकलेलं नाही हो हवालदार," बाई म्हणाल्या.

आरडाओरड ऐकून वकील दारात आले. त्यांनी पाटी वाचली, मेमो वाचला आणि जिन्यातून वर तोंड करून सांगितलं की कायद्याने हवालदारांची बाजू भक्कम आहे. तिसऱ्या मजल्यावरून प्रोफेसर डोकावले. त्यांच्या अंगातल्या कालच्याच पांढऱ्या शर्टाच्या बाहीवर जाळीचे हिरवे चौकोन उमटले होते. "क्लोज्ड बाय म्हणजे तोवर चालू असेल, असं वाटलं मला," ते म्हणाले. प्रोफेसरांना एकदा तरी प्रिपोझिशन बरोबर समजलं होतं, आणि त्यात शर्ट गेला.

सव्वादहाला जिन्यात पावलं वाजली. बाईंना न्यायला दोघं जण आले होते: एक दातांचा डॉक्टर, टक्कल पडलेला, आणि एक शहर बस चालवणारी, धिप्पाड. जिन्याच्या वळणावरून त्यांना जाळीआड स्टुलावर बसलेल्या बाई दिसल्या, आणि दोघंही आपोआप ताठ उभे राहिले.

"उशीर होतोय बाई," डॉक्टर म्हणाले. "पाहुणे जमलेत. अकराला—"

"मला माहीत आहे. माझ्यामुळे नाही होत." बाईंनी पर्समधून कार्ड काढलं आणि न वाचताच परत ठेवलं, ते साहेबांनी पाहिलं.

त्यांनी खिशातून लाल पेन काढलं. कागद बाईंनी पर्समधून दिला, भाषणाच्या कार्डामागे एक कोरा होता. स्टुलाच्या कडेवर कागद ठेवून साहेब इंग्रजीत लिहू लागले. विथ रेफरन्स टू, असं सुरू झालं, आणि पुढे ड्यू टू की ओइंग टू इथे गाडी अडली. एक मिनिट गेलं. दोन गेली. बसवालीने घड्याळ पाहिलं.

"मराठीत लिहा," बाई म्हणाल्या.

साहेबांनी खोडलं. लिहिलं: लिफ्ट चुकून बंद करण्यात आली आहे.

बाईंनी मान वाकडी करून वाचलं. "चुकून म्हणजे? कुणाच्या?"

साहेबांनी पुन्हा खोडलं. कार्यालयाच्या चुकीमुळे.

"कार्यालय म्हणजे कोण? आपल्या घरातली ती कापडी पिशवी?" बाई डॉक्टरकडे वळल्या. "काय रे, शब्दयोगी अव्ययं आठवतात का? कारण दाखवणारं कुठलं?"

"मुळे," डॉक्टर एकदम म्हणाले. "वर, खाली, आत, बाहेर, साठी, मुळे, पर्यंत." बसवालीचेही ओठ हलले होते.

"मुळे. ते नामाला किंवा सर्वनामाला जोडून येतं," बाई म्हणाल्या. "सर्वनाम तुम्हीच निवडा."

चौतीस वर्षांत ड्राफ्टसाहेबांनी हजारो पत्रं लिहिली होती. त्यांत चुका झाल्या होत्या, पण त्या आपसूक, खात्याकडून, नजरचुकीने किंवा टंकलेखनात झाल्या होत्या. त्यांनी बायकोकडे पाहिलं. निळी साडी, गुडघ्यांवर ठेवलेले हात, हातात कार्ड. बाहेर गाडी उभी होती आणि शाळेत एक खोली हिची वाट बघत होती. त्यांनी खाली मान घालून लिहिलं: 'लिफ्ट माझ्यामुळे बंद पडली. माझं चुकलं. ताबडतोब चालु करावी.' सही केली. तारीख घातली. जावक क्रमांक सत्तेचाळीस.

कागद जाळीतून बाहेर जाणार तेवढ्यात बाईंनी तो मधेच धरला, त्यांच्या हातातून पेन घेतलं आणि एका अक्षराभोवती गोल केला. "चालू. लू दीर्घ." मग कोपऱ्यात आकडा घातला: दहापैकी नऊ. "घे रे, दे जाऊन."

डॉक्टर दोन दोन पायऱ्या गाळत खाली धावले. हवालदारांनी सही पाहिली, तारीख पाहिली, जावक क्रमांक पाहिला. मजकूर वाचायला मात्र त्यांनी जरा जास्त वेळ घेतला. मग कुलूप उघडल्याचा आवाज आला आणि लिफ्ट हलली.

तळमजल्यावर दार सरकलं तेव्हा दहा वाजून अडतीस मिनिटं झाली होती. हवालदार सलाम ठोकून उभे होते. बाई स्वतःच्या पायांनी बाहेर पडल्या, बसवालीचा हात धरून फाटकाकडे निघाल्या. साहेब स्टूल घेऊन मागे आले, आणि फळ्यापाशी खिळल्यासारखे उभे राहिले. जुनी पाटी गेली होती. तिच्या जागी, चार टाचण्यांनी, ठीक मधोमध, जावक क्रमांक सत्तेचाळीस लावलेला होता. लाल गोल, दहापैकी नऊ, सगळ्यासकट. वकील चष्मा लावून वाचत होते. त्यांच्या मागे प्रोफेसर आपली पाळी यायची वाट बघत होते.

"हवालदार, हे काय?"

"नवा आदेश सर. आदेश फळ्यावर लावावा, असं मेमोत आहे. कलम तीन."

साहेबांचा हात टाचणीकडे गेला. फाटकातून बाई वळल्या. "अहो, राहू द्या तो तिथे."

"कधीपर्यंत?" साहेबांनी कळवळून विचारलं.

"मी परत येईपर्यंत," बाई म्हणाल्या.

साहेबांनी हवालदारांकडे पाहिलं. हवालदार समोर बघत, ओठ न हलवता, हळूच म्हणाले, "हे अन्टिल आहे सर. बाय नाही."

"कळलं मला," ड्राफ्टसाहेब म्हणाले, आणि स्टूल उचलून बाईंच्या मागे चालू लागले. कार्यक्रम अकराला वेळेवर सुरू झाला, पण त्या खोलीतून बाईंचा पाय काही निघेना. त्या परतल्या तेव्हा संध्याकाळचे सात वाजून गेले होते, आणि तोवर अख्ख्या इमारतीचा तो कागद वाचून झाला होता.